मुरुमांचे वण : कारणे, प्रकार आणि वेळीच घ्यावयाची दक्षता

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



संस्कृतात 'व्रण' म्हणजे जखम. त्याच शब्दावरून मराठीत 'वण' हा शब्द आला आणि त्याचा अर्थ झाला जखम भरून आल्यानंतर मागे उरलेली खूण. एक शरीराची पीडा, तर दुसरी त्या पीडेची आठवण. चेहऱ्यावरील वणांचा विचार करताना हा भेद ध्यानी ठेवणे आवश्यक आहे; कारण पीडा असते तोवर तिच्यावर उपाय करणे तुलनेने सोपे असते, आठवण पुसणे मात्र कठीण असते.

वऱ्हाडातील ज्येष्ठ पिढीने 'देवीचे वण' पाहिलेले आहेत. गावोगावी अशी माणसे होती की ज्यांच्या चेहऱ्यावर लहानपणी आलेल्या देवींचे खड्डे जन्मभर राहिले. लसीकरणाच्या अखंड मोहिमेमुळे १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साऱ्या जगातून हा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर केले. आज तरुण चेहऱ्यांवर जे खड्डे दिसतात, त्यांतील थोडे कांजिण्यांचे असतात. बहुसंख्य मात्र मुरुमांचे असतात. देवीच्या रोगावर लस होती. मुरुमांवर लस नाही. परंतु वेळीच केलेला उपचार हे लसीच्याच तोलाचे साधन आहे आणि ते वाशीम, कारंजा, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर व मानोरा या सहाही तालुक्यांतील कुटुंबांच्या आवाक्यात आहे.

मुरूम म्हणजे काय?

हा विकार आजचा नाही. सुश्रुताचार्यांनी क्षुद्ररोगांच्या वर्णनात तरुणांच्या मुखावर उठणाऱ्या पिटिकांचा उल्लेख केला असून त्यांना 'मुखदूषिका' असे नाव दिले आहे. या पिटिकांना त्यांनी शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. वऱ्हाडच्या रानात काटेसावरीचे खोड ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ही उपमा किती समर्पक आहे हे सांगावे लागणार नाही.

आधुनिक शास्त्रानुसार मुरुमाचे मूळ त्वचेतील केसाच्या मुळाशी असते. प्रत्येक केसाच्या नलिकेला एक तैलग्रंथी जोडलेली असते. चेहरा, छाती आणि पाठ या भागांत या ग्रंथी अधिक व मोठ्या असतात. वयात येताना मुलगा असो वा मुलगी, शरीरातील अँड्रोजन या संप्रेरकांचे प्रमाण वाढते आणि त्यामुळे तैलग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात. त्याच वेळी नलिकेच्या अस्तरातील मृत पेशी नीट गळून न पडता एकमेकींना चिकटतात व नलिकेचे तोंड बंद होते. आत तेल साचते. 'क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस' हा जंतू एरवीही त्वचेवर निरुपद्रवीपणे राहत असतो. या कोंडलेल्या तेलात तो वाढतो आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्याशी झुंजू लागते. या झुंजीमुळे लाली, सूज आणि पू निर्माण होतो. तेलाचा अतिरेक, नलिकेचा अवरोध, जंतूंची वाढ आणि दाह ही मुरुमाची चार कारणे होत.

नलिकेचे तोंड उघडे राहिले तर तेथे काळा ठिपका दिसतो. तो मळ आहे अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः तो काळेपणा त्वचेतील रंगद्रव्याचा व हवेशी संपर्क आलेल्या तेलाचा असतो. म्हणून कितीही वेळा साबणाने तोंड धुतले तरी तो जात नाही, उलट त्वचा मात्र कोरडी व चिडकी होते. तोंड बंद राहिले तर पांढरा दाणा दिसतो. त्यापुढे लाल पुळी, पिवळ्या तोंडाची पुटकुळी, खोलवरची दुखरी गाठ आणि द्रवाने भरलेली मोठी गाठ अशा वाढत्या पायऱ्या आहेत.

वण का पडतो?

पुळीतील दाह वाढला की नलिकेची भिंत फुटते आणि आतील तेल, मृत पेशी व जंतू सभोवतालच्या आंतरत्वचेत पसरतात. शरीराच्या दृष्टीने हे परकीय आक्रमणच असते. त्याचा बंदोबस्त करण्यासाठी धावून आलेल्या पेशी काही विकरे सोडतात. ही विकरे त्वचेला आधार देणारे कोलेजनचे तंतू तोडतात. दाह शमल्यावर शरीर डागडुजीस लागते. नवे कोलेजन गरजेपेक्षा कमी तयार झाले तर ती जागा खचते आणि खड्डा पडतो; गरजेपेक्षा अधिक तयार झाले तर त्या ठिकाणी उंचवटा येतो. वणाचा सारा इतिहास या दोन वाक्यांत सामावलेला आहे.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, वणाचे कारण दाह हे आहे. तो जितका खोल आणि जितका दीर्घकाळ, तितका वण मोठा. दुसरी, पुळी दाबून फोडणे म्हणजे नलिकेची भिंत स्वतःच्या हाताने फोडणे होय. बोटांच्या दाबाने थोडा पू बाहेर येतो हे खरे. परंतु त्याहून अधिक घाण आत, आंतरत्वचेत ढकलली जाते.

सर्वांनाच सारखे वण पडत नाहीत. काहींच्या घराण्यात तशी प्रवृत्ती असते. आई-वडिलांच्या चेहऱ्यावर मुरुमांचे वण असतील तर मुलांच्या बाबतीत अधिक सावध राहिलेले बरे. परंतु ज्या कारणावर माणसाचा ताबा आहे, ते म्हणजे विलंब. १९९४ मध्ये इंग्लंडमधील लेटन, हेंडरसन आणि कनलिफ या त्वचातज्ज्ञांनी रुग्णालयात आलेल्या मुरुमांच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ९५ टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावर कमी-अधिक प्रमाणात वण आढळले. स्त्री-पुरुषांत त्या बाबतीत फरक नव्हता आणि मुरूम सुरू झाल्यापासून योग्य उपचार मिळेपर्यंत गेलेल्या काळाशी या वणांचा संबंध होता. 'वयात आले की येतातच, लग्न झाले की जातील' हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य अर्धे खरे आहे. मुरूम बहुधा जातात. वण जात नाहीत.

वणांचे प्रकार

खड्ड्याचे वण हे एकूण वणांपैकी सुमारे ८० ते ९० टक्के असतात. २००१ मध्ये जेकब, डोव्हर आणि कॅमिनर यांनी त्यांचे तीन प्रकार सांगितले आणि आज जगभर हेच वर्गीकरण वापरले जाते.

१) टोचणीचे वण : हे अरुंद, २ मिलिमीटरहून कमी रुंदीचे, परंतु खोल असतात. जाड सुईने वा टोच्याने भोसकावे तसे ते दिसतात आणि आत निमुळते होत जातात. खड्ड्याच्या वणांत यांचेच प्रमाण सर्वाधिक, म्हणजे सुमारे ६० ते ७० टक्के असते. त्यांची खोली पाहता वरवरच्या मलमांचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही.

२) उभ्या काठाचे वण : हे गोल वा लंबगोल, सुमारे दीड ते चार मिलिमीटर रुंदीचे असतात. काठ सरळ उभे व तळ सपाट असतो. कांजिण्यांच्या वणांशी यांचे साम्य आहे. उथळ असतील तर उपचारांना चांगला प्रतिसाद देतात.

३) लाटेसारखे वण : हे ४ ते ५ मिलिमीटरहून रुंद असतात व त्यांना स्पष्ट काठ नसतो. त्वचेखाली तयार झालेले तंतूंचे पट्टे वरच्या त्वचेला खाली ओढून धरतात, त्यामुळे गाल वर-खाली झालेला दिसतो. बाजूने प्रकाश पडला की ते अधिक उठून दिसतात.

उंचवट्याच्या वणांचे दोन प्रकार आहेत. मूळ जखमेच्या सीमेत राहणारा, जाडसर व कालांतराने थोडा बसणारा तो 'हायपरट्रॉफिक' वण. मूळ जखमेची सीमा ओलांडून पसरणारा, खाजणारा, कधी दुखणारा तो 'केलॉइड'. छाती, खांदे, पाठीचा वरचा भाग आणि जबड्याची कड ही केलॉइडची नेहमीची ठिकाणे होत. सावळ्या व काळ्या वर्णाच्या लोकांत केलॉइडची प्रवृत्ती अधिक असते. ज्यांना कान टोचल्यावर वा शस्त्रक्रियेनंतर असा उंचवटा आला असेल, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगितली पाहिजे.

वणांची तीव्रता ठरविण्यासाठी गुडमन आणि बॅरन यांनी २००६ मध्ये एक साधी कसोटी मांडली. दोन माणसे समोरासमोर बोलतात ते अंतर सुमारे ५० सेंटिमीटर धरावे. त्या अंतरावरून वण सहज दिसत नसतील तर ते सौम्य, दिसत असतील तर मध्यम वा तीव्र. ही कसोटी रुग्णाच्या मनालाही उपयोगी आहे. आरशाला नाक लावून मोजलेले वण जगाला तसे दिसत नसतात.

डाग म्हणजे वण नव्हे

पुळी बसल्यावर त्या जागी तपकिरी वा काळसर डाग राहतो. त्वचा सपाट असेल, बोटाला खड्डा लागत नसेल, तर तो वण नाही. दाहामुळे तेथे रंगद्रव्य अधिक साचलेले असते. भारतीय वर्णावर असे डाग फार सहज पडतात, परंतु काही महिन्यांत ते फिके होत जातात. उन्हाने ते गडद होतात, म्हणून उन्हाळ्यातच नव्हे तर बाराही महिने उन्हापासून संरक्षण आवश्यक आहे. शेतात, बाजारात वा दुचाकीवर जाताना रुमाल, टोपी, ओढणी आणि तेलविरहित सनस्क्रीन यांचा उपयोग करावा.

हा भेद सांगण्याचे कारण असे की, डागालाच वण समजून घाबरलेली माणसे घाईने भलत्या उपायांकडे वळतात आणि नसलेले वण ओढवून घेतात.

दोन मोठे धोके

पहिला धोका स्टेरॉइडयुक्त मलमांचा. औषधाच्या दुकानातून कोणत्याही चिठ्ठीविना एखादी ट्यूब आणावी, ती चार दिवस लावावी, चेहरा उजळ व गुळगुळीत दिसावा आणि मग ती ट्यूब घरातील सर्वांचीच व्हावी, हा क्रम अनेक घरांत घडतो. स्टेरॉइड हे स्वतः वाईट औषध नाही; योग्य रोगावर, योग्य काळ, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते गुणकारी आहे. परंतु चेहऱ्यावर महिनोन्महिने लावल्यास त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, अनावश्यक केस उगवतात आणि मुरूम वाढतात. बंद करताच चेहरा भडकतो, म्हणून माणूस पुन्हा तेच मलम लावतो. भारतातील १२ केंद्रांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेहऱ्याच्या विकारांचे २,९२६ रुग्ण तपासण्यात आले. त्यांपैकी ४३३ जण, म्हणजे १४.८ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड वापरत होते आणि त्यांच्यात सर्वाधिक आढळलेला दुष्परिणाम मुरूम हाच होता. मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशी १४ प्रकारची स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास बंदी घातली. ज्यांनी असे मलम दीर्घकाळ लावले आहे, त्यांनी ते लपवू नये. त्वचातज्ज्ञांना ट्यूब दाखवून त्यांच्या सल्ल्याने ते सोडावे.

दुसरा धोका पाऱ्याचा. पारा त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून गोरेपणाच्या बेकायदा क्रीममध्ये तो मिसळला जातो. परंतु तो त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीला इजा करतो. हे दूरदेशीचे उदाहरण नाही. १ जुलै १९९८ पर्यंत वाशीम ज्या अकोला जिल्ह्याचा भाग होता, त्याच अकोल्यातील एका कुटुंबातील तीन स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे वृत्त २०२३ च्या प्रारंभी प्रसिद्ध झाले. त्या तिघी एकच क्रीम वापरत होत्या आणि मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील तपासणीत त्या क्रीममध्ये पारा आढळला. केरळमधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण होते. त्यांपैकी १५ जणांत पाऱ्याशी संबंधित मानला जाणारा प्रकार दिसला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम वापरत होते. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार प्रसाधनांत पारा मिसळण्यास मनाई आहे. म्हणून ज्या डबीवर उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही, ती डबी कितीही जवळच्या माणसाने दिली तरी घरात ठेवू नये. असे क्रीम लावल्यानंतर पायांवर वा चेहऱ्यावर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर विनाविलंब तपासणी करावी.

याखेरीज काही लहान चुका आहेत. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा व टूथपेस्ट यांनी त्वचा भाजते आणि डाग वाढतात. केसांना चोपडलेले तेल कपाळावर उतरल्याने तेथे बारीक दाणे येतात. चेहऱ्यावर दाह असताना फेशियल, जोराचा मसाज वा खरखरीत स्क्रब केल्याने पुळ्या फुटतात. घरच्या घरी सुयांचे रोलर फिरविल्याने जंतू एका जागेवरून दुसरीकडे जातात.

मुरुमांचा उपचार, हाच वणांचा प्रतिबंध

सौम्य मुरुमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि ॲडापलीन ही लावावयाची औषधे आधारभूत मानली जातात. दोन्ही एकत्र, नियमित वापरल्यास नवे वण पडण्याचे प्रमाण घटते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. प्रारंभी त्वचा कोरडी पडते, थोडी चुरचुरते. म्हणून एक दिवसाआड, मटारच्या दाण्याएवढ्या प्रमाणात, रात्री लावण्यास सुरुवात करावी. बेन्झॉइल पेरॉक्साइडमुळे उशीच्या अभ्र्याचा व कपड्यांचा रंग उडतो, हेही लक्षात ठेवावे. फरक दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून औषध बदलणे ही सर्वांत अधिक आढळणारी चूक होय.

दाह अधिक असेल तर डॉक्टर मर्यादित काळासाठी, साधारण तीन महिन्यांपर्यंत, प्रतिजैविकांच्या गोळ्या देतात. मुलींमध्ये मासिक पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर संप्रेरकांची तपासणी आवश्यक ठरते. खोल गाठी आणि वण पडण्याची स्पष्ट लक्षणे असतील तर आयसोट्रेटिनॉइन हे १९८२ पासून वापरात असलेले परिणामकारक औषध आहे. मात्र गर्भावस्थेत ते घेतल्यास अर्भकात गंभीर व्यंग निर्माण होते. म्हणून विवाहित स्त्रियांनी आणि विवाह ठरलेल्या मुलींनी ही बाब डॉक्टरांना स्पष्ट सांगितली पाहिजे. औषध थांबविल्यानंतरही किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. यकृत व रक्तातील चरबी यांची तपासणीही करावी लागते.

या ठिकाणी जैन कुटुंबांच्या दृष्टीने एक मुद्दा सांगणे अगत्याचे आहे. आयसोट्रेटिनॉइन हे बहुधा मऊ कॅप्सूलच्या रूपात मिळते आणि तिचे आवरण सर्वसाधारणपणे जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. 'त्वचेसाठी कोलेजन' म्हणून विकली जाणारी भुकटीही मासे वा गुरे यांच्यापासून केलेली असते, आणि ती खाल्ल्याने मुरुमांचे खड्डे भरतात यास भक्कम आधार नाही. अनेकदा असे घडते की कॅप्सूलचे आवरण कळल्यावर रुग्ण संकोचाने डॉक्टरांना काही न सांगता औषध सोडून देतो आणि रोग वाढतो. त्यापेक्षा पहिल्याच भेटीत आपला नियम सांगावा. लावावयाची औषधे, गोळ्या आणि अन्य मार्ग यांचा विचार डॉक्टर करू शकतात; पर्याय नसेल तर निर्णय कुटुंबाने समजून-उमजून घ्यावा. कॅप्सूल फोडून आतील द्रव काढण्याचा प्रयोग मात्र करू नये.

आहाराविषयी थोडे. गोड पदार्थ, मैदा, शीतपेये यांसारखे रक्तातील साखर झपाट्याने वाढविणारे अन्न आणि काहींच्या बाबतीत दूध यांचा मुरुमांशी संबंध आढळला आहे. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांनी घेतलेल्या व्हे प्रोटीनच्या भुकटीनेही मुरूम वाढल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. परंतु केवळ पथ्याने खोल मुरूम बरे होत नाहीत. मुलाच्या ताटातील प्रत्येक घासाला दोष देण्याने औषधाला उशीर होतो आणि मुलाच्या मनात अपराधीपणा येतो.

पडलेल्या वणांवर उपाय

प्रथम मुरूम पूर्ण आटोक्यात आणणे आणि नंतर वणांकडे वळणे, हा क्रम उलटविता येत नाही. पुढे वणाच्या प्रकारानुसार उपाय ठरतो. टोचणीच्या वणांत तीव्र ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाचा थेंब नेमक्या खड्ड्यात सोडतात किंवा तो वण लहान गोल पात्याने काढून टाके घालतात. लाटेसारख्या वणांत त्वचेखाली सुई फिरवून ओढून धरणारे पट्टे तोडतात. या पद्धतीला सबसिजन म्हणतात. उथळ व संमिश्र वणांसाठी सूक्ष्म सुयांचा उपचार आणि फ्रॅक्शनल लेसर वापरतात. या दोहोंचा हेतू एकच, त्वचेला नियंत्रित इजा करून नवे कोलेजन निर्माण करविणे. केलॉइडमध्ये मात्र वणातच स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. जे औषध चेहऱ्यावर अविचाराने चोपडल्यास घात करते, तेच योग्य हाती, योग्य जागी उपकारक ठरते.

या उपचारांकडून अपेक्षा माफक ठेवाव्यात. वण उथळ होतात, कमी दिसतात. चेहरा पूर्ववत होईल अशी हमी कोणी देत असेल तर सावध व्हावे. सावळ्या त्वचेवर लेसरनंतर डाग पडण्याचा संभव असतो, म्हणून अनुभवी त्वचातज्ज्ञांकडेच जावे. नवे कोलेजन तयार होण्यास महिने लागतात आणि उपचाराच्या अनेक फेऱ्या कराव्या लागतात. साखरपुडा झाल्यावर, मुहूर्ताला दोन महिने उरले असता लेसरसाठी धावाधाव केली, तर लग्नाच्या दिवशी वणांऐवजी ताजे डाग घेऊन बोहल्यावर उभे राहण्याची वेळ येऊ शकते.

कुटुंब आणि समाज यांचे कर्तव्य

मुरुमांचा सर्वांत खोल वण मनावर पडतो. वर्गात मागच्या बाकावर बसणे, छायाचित्र टाळणे, नातलगांच्या लग्नाला न जाणे, ही लक्षणे पालकांनी ओळखली पाहिजेत. दीर्घकाळचे मुरूम आणि नैराश्य यांचा संबंध वैद्यकीय अभ्यासांत पुनःपुन्हा आढळला आहे. मुलीच्या चेहऱ्याबद्दल पाहुण्यांसमोर बोलणे, वधू-वर परिचय मेळाव्यात माहितीपत्रकावरील छायाचित्राची कुजबुज करणे, या गोष्टी वरवर किरकोळ वाटतात. त्याच बोलण्याला भिऊन मुली आरशासमोर पुळ्या फोडतात आणि नाव-गाव नसलेली डबी विकत घेतात. मुलांचेही दुःख कमी नसते. ते फक्त बोलून दाखवीत नाहीत. वण ही दुर्वर्तनाची, अस्वच्छतेची वा संसर्गाची खूण नाही. मुरूम एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी प्रत्येक घरात व्हाव्यात. मुलाच्या वा मुलीच्या चेहऱ्यावर लाल, दुखऱ्या पुळ्या दोन महिन्यांहून अधिक काळ येत असतील, किंवा एक जरी खड्डा उमटलेला दिसला, तर वाट न पाहता त्वचातज्ज्ञांना दाखवावे. अकोला व यवतमाळ येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये पूर्वीपासून आहेत आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत वाशीमचाही समावेश आहे. कारंजा येथील १९१८ साली स्थापन झालेल्या महावीर ब्रह्मचर्याश्रमासारख्या शिक्षणसंस्थांची परंपरा या जिल्ह्याला लाभली आहे. घरापासून दूर राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा चेहरा आई-वडिलांच्या आधी गृहपालांच्या व शिक्षकांच्या दृष्टीस पडतो. त्यांनी आपुलकीने केलेली एक विचारपूस पुष्कळ काही वाचवू शकते. औषधविक्रीच्या व्यवसायात असलेल्या बंधूंनी चिठ्ठीविना स्टेरॉइड मलम न देण्याचा निश्चय केला, तर तो कायद्याचे पालन तर होईलच, शिवाय गावातील कित्येक चेहऱ्यांचे रक्षणही होईल. सौंदर्यप्रसाधनगृह चालविणाऱ्या भगिनींनी दाह असलेल्या चेहऱ्याला हात न लावता त्या मुलीला डॉक्टरांकडे पाठवावे.

आणि ज्यांच्या चेहऱ्यावर वण आधीच पडलेले आहेत, त्यांच्यासाठी एवढेच. उपचार आहेत, ते कोणत्याही वयात घेता येतात, आणि घेतले नाहीत तरी त्यात काही उणे नाही. चेहरा कसा आहे यावर विद्या, व्यवसाय, सेवा यांपैकी काहीही अडत नाही. पुढच्या पिढीला मात्र हे वण टाळता येण्यासारखे आहेत. त्यासाठी लागतो तो थोडा पैसा, थोडा संयम आणि घरातील वडीलधाऱ्यांनी वेळेवर दिलेला एक शब्द.